सांगेल तसं लिहायचं

कोर्टातून निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी गल्लीत तिला सगळे स्टेनोबाईच म्हणत. उभं आयुष्य तिने न्यायाधीशांच्या उजव्या हाताला, खालच्या टेबलाशी बसून काढलं होतं. साक्षीदार बोलायचा, वकील बोलायचे, साहेब मध्येच टोकायचे, आणि स्टेनोबाईचं पेन लघुलिपीच्या बारीक रेघा ओढत पुढे सरकत राहायचं. खून, घटस्फोट, भावाभावांची भांडणं, मूल हरवलेल्या आईची जबानी, सगळं त्या पेनातून गेलं. कोण खरं बोलतंय आणि कोण धडधडीत थापा मारतोय हे तिला कळायचं, पण ते कळणं तिच्या कामात बसत नव्हतं. बोलेल ते उतरवायचं, टेबल आवरायचं, घरी जायचं. नव्याने लागलेल्या मुली सुरुवातीला डोळे पुसत पुसत लिहायच्या. स्टेनोबाई त्यांना सांगायची, "पाणी कागदावर पडू देऊ नका, शाई पसरते."

नवरा गेला तेव्हाही तसंच झालं. तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होता, अबोल, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. दवाखान्याच्या लांबड्या खोलीत डॉक्टर हलक्या आवाजात काय झालं ते सांगत होते, आणि स्टेनोबाईच्या लक्षात आलं की आपलं बोट मांडीवरच्या पर्सवर फिरतंय. डॉक्टरांचं वाक्य न् वाक्य ते लघुलिपीत लिहून घेत होतं. नंतर माणसं आली, बसली, गेली. तिला रडू आलं नाही. काहींना वाटलं बाई धीराची आहे, काहींना वाटलं दगड आहे. तिला स्वतःला काहीच वाटत नव्हतं. दात काढल्यावर गाल बधिर होतो, आपण बोटाने चाचपतो आणि तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो, तसं तिचं आतून बाहेरून झालं होतं. बधिरपणा दोन तासांत उतरतो असं दाताचे डॉक्टर सांगतात. इथे तसं सांगणारं कोणी नव्हतं.

नणंद म्हणाली, फोटो तरी लावा भिंतीवर, म्हणून ती एका दुपारी चौकातल्या काचवाल्याकडे गेली.

काचवाला आतल्या टेबलावर काच कापत होता आणि पुढे त्याची मुलगी बसली होती, चौदा-पंधरा वर्षांची, दोन वेण्या, बोटाला चिकटपट्टी. घरात तिला रेडिओ म्हणत, कारण एकदा कानावर पडलेलं ती विसरत नसे आणि सुरू झाली की बंदही होत नसे. रेडिओने फोटो हातात घेतला, पट्टी लावली आणि लांबी, रुंदी, पट्टीची जाडी, मागच्या पुठ्ठ्याचं माप असं सगळं तोंडाने सांगून टाकलं.

"लिहून ठेव," आतून बाप म्हणाला.

"लक्षात आहे."

"लिहून ठेव म्हटलं ना."

तिने पावतीपुस्तक ओढलं. स्टेनोबाईला दुसऱ्याच्या कागदावर नजर टाकायची जन्माची सवय. मुलगी पेन इतकं दाबून धरत होती की नखं पांढरी पडली होती. एक अक्षर काढून ती थांबे, मग दुसरं. 'काच' लिहायचं होतं तिथे 'चाक' झालं होतं. 'फोटो'चा एक काना कुठेतरी राहिला होता.

बाप हात पुसत बाहेर आला, पावती बघितली, आणि हसला. त्या हसण्यात गंमत नव्हती. "बघा. काचेच्या दुकानात बसून चाक लिहिते. डोकं कमी नाही हो, नुसता आळस. यंदा शाळेची शेवटची परीक्षा, आणि शाळेने काय करावं? हिची तपासणी करायला लावली आणि कागद आला. म्हणे हिला वाचायला-लिहायला अडचण आहे. ते सांगायला कागद कशाला? मला विचारायचं."

रेडिओ पट्टीच्या कडेवरून बोट फिरवत बसली. आता ती अजिबात बोलत नव्हती.

बोलता बोलता बाकीचं कळलं. मुलीची आई इस्पितळाच्या लाँड्रीत होती. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी तिला दोनदा बोलावून घेतलं, तेव्हा तिनेच रजा टाकून तपासणी करून आणली होती. परीक्षेत मुलीने तोंडी सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं अशी परवानगी मिळाली होती. लिहिणाऱ्याला लेखनिक म्हणतात. ठरलेला लेखनिक नंतर नाही म्हणाला होता. लेखनिक नात्यातला नको, शाळेतला शिक्षक नको, आणि अक्षर वाचता येईल असं हवं.

"मी लिहीन," स्टेनोबाई म्हणाली.

का म्हणाली हे तिला सांगता आलं नसतं. दया आली होती असंही नाही. तिच्या दुपारी रिकाम्या होत्या, एवढंच. फोटो तिने दोन दिवसांनी नेला, खिळा ठोकला, लावला, आणि खुर्ची जागेवर ठेवली.

समुपदेशक बाई वयाने लहान होत्या, पण त्यांना समजावून सांगता येत होतं. शाळेच्या जिन्याखालच्या त्यांच्या खोलीत दोघी बसल्या. बाई म्हणाल्या, "काकू, हिची नजर उत्तम आहे, कान उत्तम आहेत, बुद्धी चांगलीच आहे. अक्षर बघितलं की त्याचा आवाज आपल्याला आपोआप ऐकू येतो ना, ती जोडणी हिच्या डोक्यात सहज होत नाही. प्रत्येक शब्द हिला नव्याने सोडवावा लागतो. ध आणि घ, भ आणि म, काना, मात्रा, जोडाक्षरं. तुम्ही-आम्ही एक पान वाचतो तेवढ्या वेळात ही चार ओळींवर असते, आणि तोवर पहिली ओळ काय होती ते निसटलेलं असतं. याला आळस म्हणायचं असेल तर मला आळशी माणसाइतकं दमलेलं दुसरं कोणी दिसलं नाही."

"बरं होतं का?"

"आजार नाही, तेव्हा बरं व्हायचा प्रश्न नाही. लहानपणी ओळखलं आणि नीट पद्धतीने शिकवलं तर खूप सुधारतं. हिचं उशिरा कळलं. सात-आठ वर्षं वर्गात हिला उभं करून वाचायला लावलं आणि बाकीचे हसले. घराण्यात कुणाला असलं तर मुलांत येऊ शकतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बापाला मी विचारते, तुम्हाला शाळा कशी गेली? बहुतेक उठून जातात."

स्टेनोबाईचं बोट टेबलाखाली फिरत होतं. घराण्यात, हा शब्द तिने लिहून घेतला.

मग सराव सुरू झाला. रोज दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत, काचांच्या उभ्या तावदानांमध्ये, एक स्टूल आणि एक खोकं. नियम सोपा होता. प्रश्न वाचून दाखवायचा, हवा तर पुन्हा वाचायचा, अर्थ सांगायचा नाही. मुलगी सांगेल तसं लिहायचं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही.

पहिल्या दिवशी रेडिओ सुटली. "म्हणजे ते कसं असतं, की पाणी तापतं ना समुद्राचं, मग ते वर जातं, म्हणजे दिसत नाही आपल्याला, पण जातं, आणि मग, थांबा, आधी दुसरं सांगायचं होतं." स्टेनोबाईने ते सगळं लिहिलं आणि कोर्टातल्या सपाट आवाजात वाचून दाखवलं, 'थांबा, आधी दुसरं सांगायचं होतं' यासकट.

मुलगी हसायला लागली. "काकू, असं थोडंच लिहितात."

"तू सांगितलंस ते लिहिलं."

"मग मी काय करू?"

"आधी मनात वाक्य कर. पूर्णविरामासकट. मग बोल."

ती शिकली. पटकन शिकली. महिन्याभरात ती डोळे मिटून, एखाद्या वकिलासारखी, मुद्देसूद सांगू लागली. पुस्तकाचे धडे स्टेनोबाई वाचून दाखवी. मुलगी ऐके, मध्ये दोन प्रश्न विचारी, आणि दुसऱ्या दिवशी धडा तिचा झालेला असे. अशी साक्ष कोर्टात कुणी दिली असती तर साहेब खूश झाले असते.

एकदा स्टेनोबाईने विचारलं, "तुला अक्षरं हलताना दिसतात का? काही जणांना दिसतात म्हणे."

"सगळे हेच विचारतात. नाही हलत. ती आपली जागेवर असतात." तिने जरा विचार केला. "रस्त्यात कोणी भेटतं, चेहरा ओळखीचा असतो, पण नाव आठवत नाही. समोरचा हसतो, आपण पण हसतो, आणि आत नुसती धावाधाव. तसं. पण प्रत्येक शब्दाला. आणि मागे बाई उभ्या असतात."

स्टेनोबाईने मान हलवली. आपल्याला वाईट वाटायला हवं होतं, हे तिला कळलं. लांबून कळलं, शेजारच्या घरात फोन वाजावा तसं.

तिचा धाकटा भाऊ घरं रंगवायचा. मेव्हणा गेल्यापासून तो दर सुट्टीला येई, नळाची गळती बघे, बल्ब बदले, चहा पिऊन जाई. त्या सुट्टीला चहा घेता घेता तिने त्याला मुलीचं सांगितलं. समुपदेशक बाईंचं बोलणं तिला शब्दशः पाठ होतं, तिने ते तसंच ऐकवलं. भाऊ कप हातात धरून ऐकत होता. त्याच्या नखांच्या कडांना पांढरा रंग होता, तो कधीच निघत नसे.

"बाबा पट्टी घेऊन बसायचे," तो म्हणाला. "ज्या शब्दावर अडेन त्या शब्दाला एक."

"हो."

"तू शेजारच्या खोलीत धडा मोठ्याने वाचायचीस, तो ऐकून मी पाठ करायचो. पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणायचो. एकदा बाबांनी भलतंच पान उघडून दिलं आणि मी आपला तोच धडा म्हणत बसलो." तो हसला. "त्या दिवशीचा मार ऐतिहासिक होता."

"मला आठवतंय."

"सातवीत सोडली शाळा. बरं केलं. मला वाटायचं, तुम्हा सगळ्यांना काहीतरी सांगून ठेवलंय आणि मी त्या दिवशी घरी नव्हतो."

तिने त्याच्या कपात चहा ओतला. "त्याला नाव आहे म्हणून सांगितलं तुला."

"ताई, पन्नाशी उलटली माझी. आता नावाचं काय करू, भिंतीवर लावू?" तो रागावला नव्हता. रंगाचा डबा बंद करताना बोलावं तसं बोलला. चपला घालताना मात्र थांबला, आणि दाराच्या चौकटीवरचा उडालेला रंग नखाने खरवडत म्हणाला, "त्या पोरीला घाई करू नकोस. घाई केली की जे येतं तेही जातं."

तो गेल्यावर स्टेनोबाई स्वयंपाकघरात उभी राहिली. आता काहीतरी येईल, असं वाटून तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग कप विसळून पालथे घातले.

परीक्षा सुरू झाली. त्या दोघींना शाळेतली खेळाच्या सामानाची खोली दिली होती. भिंतीला गाद्यांच्या गुंडाळ्या, कोपऱ्यात जाळीत बांधलेले चेंडू, आणि दाराशी खुर्चीवर बाहेरच्या शाळेतून आलेले पर्यवेक्षक, ज्यांना एका मुलीसाठी एक अख्खा माणूस बसवणं हा पैशाचा आणि माणसाचा अपव्यय वाटत होता. ते त्यांनी पहिल्याच दिवशी बोलून दाखवलं आणि मग रोज वर्तमानपत्र आणलं.

भाषेचा पेपर जड गेला, गणित त्याहून जड. गणितात मुलगी आकडेमोड मनात धरून ठेवी, सांगायला लागली की मधला एखादा आकडा गळून पडे, मग परत पहिल्यापासून. इतिहास छान गेला. विज्ञानाच्या दिवशी ती चांगलीच रंगात होती.

प्रश्न रक्ताभिसरणाचा होता. स्टेनोबाईने वाचला. रेडिओने डोळे मिटले, मनात वाक्य केलं आणि म्हणाली, "धमन्या शरीरातलं रक्त हृदयाकडे आणतात आणि शिरा ते हृदयाकडून शरीराकडे नेतात, पूर्णविराम."

उलट होतं. मागच्या खोलीत हेच उत्तर तिने किती वेळा बरोबर दिलं होतं.

स्टेनोबाईचं पेन थांबलं. इतक्या वर्षांत, समोर उभा माणूस धादांत खोटं बोलत असताना, बापाच्या विरुद्ध मुलगा आणि मुलाच्या विरुद्ध आई बोलत असताना, हा हात कधी थांबला नव्हता. आता तो कागदापासून वीतभर वर थांबला होता.

पर्यवेक्षकांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"काय झालं?" मुलीने डोळे उघडून विचारलं.

"काही नाही," स्टेनोबाई म्हणाली, आणि लिहिलं. सांगितलं होतं तसंच.

"वाचून दाखवाल?"

ते नियमात होतं. तिने वाचलं. कुठल्याही शब्दावर आवाज चढू दिला नाही, कुठे रेंगाळली नाही, डोळे कागदावरून उचलले नाहीत. मुलीने नीट ऐकलं आणि म्हणाली, "बरोबर. पुढचा."

पेपर संपला. दोघी बाहेर येऊन मैदानाच्या पायऱ्यांवर बसल्या. मुलांचे घोळके प्रश्नपत्रिका उघडून उत्तरं पडताळत होते. कुणीतरी मोठ्याने धमन्यांचं म्हणालं. रेडिओ बाटलीतून पाणी पीत होती, ती तशीच थांबली.

"काकू, मी उलटं सांगितलं ना?"

"हो."

"तुम्हाला तेव्हाच कळलं."

"हो."

"म्हणून थांबलात."

"थांबायला नको होतं. चूक झाली माझी."

"आणि तरी लिहिलंत."

"तू सांगितलंस ते लिहिलं."

आता ही रडेल नाहीतर रागावेल, असं स्टेनोबाईला वाटलं, आणि दोन्हींसाठी आपल्याकडे काही नाही हेही तिला माहीत होतं. पण मुलीने बाटलीचं झाकण लावलं आणि सावकाश म्हणाली, "म्हणजे बाकीचं सगळं माझंच आहे."

स्टेनोबाईने पर्समधलं पेन काढलं, टोपण घट्ट आहे का बघितलं आणि परत ठेवलं. ऊन बरंच होतं. दोघी उठून सावलीच्या बाजूने चालत दुकानापर्यंत आल्या.

निकाल लागला त्या दिवशी मुलीने स्वतः येऊन सांगितलं. इतिहासात आणि विज्ञानात चांगले गुण होते, तिच्या वर्गातल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्त. भाषेत काठावर पास. गणित राहिलं होतं. स्टेनोबाई तिच्याबरोबर दुकानात गेली.

काचवाला गुणपत्रक लांब धरून बघत होता. "विज्ञानात बरे आहेत की," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण लिहिलं तर बाईंनी."

रेडिओने त्याला धमन्यांची गोष्ट सांगितली. घोळून घोळून नाही, तीन वाक्यांत, पूर्णविरामासकट. बापाने स्टेनोबाईकडे बघितलं.

"एवढ्या जवळ बसून?"

"हो."

"नुसतं खोकला असता तरी चाललं असतं."

"नसतं चाललं," मुलगी म्हणाली.

तो टेबलाकडे गेला, काचेवर पट्टी धरली, कटरने एक सरळ रेघ ओढली आणि दोन्ही हातांनी काच उचलून मोडली. कडा साफ निघाली. पाठमोराच असताना म्हणाला, "मला चौथीत दोनदा बसवलं होतं." मग बराच वेळ काच पुसत राहिला. "गणिताला परत बसायचंय तिला. याल का?"

"येईन."

त्यानंतर दुकानात एक फरक पडला. पावत्या तो स्वतः लिहू लागला, हळूहळू, एकेक अक्षर काढत. मापं मुलीकडे दिली. गिऱ्हाईक आलं की ती बघायची, मोजायची, बोलायची, आणि आतून 'लिहून ठेव' असा आवाज येत नसे.

गणित दुसऱ्या खेपेला निघालं, जेमतेम. रेडिओने संध्याकाळच्या तंत्रशाळेत नाव घातलं, तिथे हाताने करायचं काम जास्त आणि लिहायचं कमी होतं. तिथलेही कागद भरायचे असले की ती स्टेनोबाईकडे येई, सांगे, आणि लिहून झालं की वाचून दाखवायला लावी.

समुपदेशक बाईंनी एक दिवस स्टेनोबाईला जिन्याखालच्या खोलीत बोलावलं. आणखी दोन मुलं होती. एकाला लिहिताना हात साथ देत नव्हता, दुसरी वाचायला बसली की पोट दुखतं म्हणून रडायची.

"येते," स्टेनोबाई म्हणाली. "कधीपासून?"

बाईंनी दिवस सांगितले. मग उठता उठता त्यांनी विचारलं, "काकू, या कामाने तुम्हाला जरा बरं वाटतं का? म्हणजे, घरी एकट्या असता म्हणून विचारलं."

स्टेनोबाईने प्रश्नाचा विचार केला. खोटं उत्तर ओठांवर तयार होतं, ते द्यायला सोपंही होतं.

"अजून कळत नाही," ती म्हणाली. "वाटलं की सांगेन."